‘सोज्वळ’ प्रेमकादंबऱ्या कोण वाचत होते? गिरगावापासून बोरिवलीपर्यंतचा एक इतिहास

१/
ग्रंथालयातल्या कुठल्याही जुन्या पुस्तकाचे शेवटचे पान उघडून पाहा. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर परतीच्या तारखांचे जांभळे शिक्के असतात. अभ्यासक्रमात नेमलेल्या गाजलेल्या ग्रंथावर कधी कधी दोन-चारच शिक्के आढळतात. आणि जिचे नाव वाङ्मयाच्या कोणत्याही इतिहासात नाही, अशा एखाद्या प्रेमकादंबरीवर नवीन शिक्का मारायला जागा उरलेली नसते. चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली असते. आजचा हा दीर्घ थ्रेड त्या शिक्क्यांविषयी आहे.

२/
प्रेमकादंबरीविषयी आपल्याकडे दोन मते ठाम आहेत. ती हलकी असते, हे पहिले. ती बायकांसाठी असते, हे दुसरे. ही दोन मते एकमेकांना टेकूनच उभी आहेत, याकडे मात्र कुणी फारसे पाहिले नाही. अशा कादंबरीच्या कौतुकासाठी मराठीने एक शब्द राखून ठेवला: ‘सोज्वळ’. हा शब्द पुस्तकाविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक ते पुस्तक घरात कुणाच्या हातात पडणार आहे याविषयी सांगतो. तो कुठून आला आणि त्याने काय काम केले, ते पाहू.

३/
आरंभ नावापासूनच करू. इंग्रजीत ज्याला ‘नॉव्हेल’ म्हणतात, त्याला मराठीत आपण ‘कादंबरी’ म्हणतो. कन्नडमध्येही हाच शब्द रूढ आहे. कादंबरी हे मुळात एका नायिकेचे नाव. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात, बाणभट्टाने संस्कृत गद्यात जी प्रेमकथा रचायला घेतली आणि त्याच्या मुलाने जी पूर्ण केली, तिची ही नायिका. म्हणजे मराठीत इतिहासावरची, राजकारणावरची किंवा ग्रामीण जीवनावरची गंभीर कादंबरी लिहिणारा लेखकही आपल्या कृतीला एका प्रेयसीच्या नावानेच हाक मारतो.

४/
मराठी कादंबरीचा आरंभ सहसा बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून, म्हणजे १८५७ पासून मानतात. तिचा विषय विधवांची दुःस्थिती. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. राजे, प्रधान, संकटे, योगायोग आणि शेवटी मीलन, असा तिचा अद्भुत थाट. पुढची दोन-तीन दशके वाचकांनी या दुसऱ्या वाटेवरच गर्दी केली.

५/
ही गर्दी अद्भुताकडेच का वळली? त्याचे एक कारण साध्या व्यवहारात आहे. प्रेमकथेला लग्न न झालेली, जाणत्या वयाची, आपला विचार आपण करू शकणारी तरुणी लागते. एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा घरांत मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होऊन जाई. खऱ्या मुंबईत किंवा पुण्यात अशी नायिका आणायची कुठून? म्हणून लेखक तिला काल्पनिक राज्यात नेत, नाहीतर इतिहासात. प्रेमकथेला तिचे वास्तव गाव मिळायचे, तर आधी विवाहाचे वय बदलायला हवे होते.

६/
स्त्रीने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून साळूबाई तांबवेकर यांच्या ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’चा (१८७३) उल्लेख होतो. नावातच विरह आहे. हाती लेखणी आली तेव्हा एका स्त्रीने प्रथम निवडला तो विषय ताटातुटीचा, म्हणजे प्रेमाचाच. आज हे नाव परीक्षेच्या टिपणांत एका ओळीपुरते उरले आहे.

७/
याच काळात बायकांचे वाचन हाच संशयाचा विषय होता. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. वाचायला त्या शिकल्या त्या सासरच्या वडीलधाऱ्यांच्या नजरेआड. पुढे त्यांनी ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतही, पतीने शिकवायला घेतल्यावर घरातल्याच बायकांकडून झालेला जाच सविस्तर आला आहे.

८/
इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महाराष्ट्राच्या सुधारक घरांत पती-पत्नीमधल्या नव्या प्रेमाची पहिली खूण कोणती होती? नवरा बायकोला वाचायला शिकवतो, ही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातली यमू नवऱ्यासोबत मुंबईत बिऱ्हाड करते, तेव्हाचे तिचे थोडे सुखाचे दिवस हे एकत्र वाचनाचे आणि बोलण्याचे दिवस आहेत. आपल्याकडे स्त्रीचे वाचन आणि दाम्पत्यप्रेम ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत.

९/
म्हणजे मराठीतले पहिले ‘वास्तव’ प्रेम लग्नाच्या आत घडले. लग्नाच्या बाहेर स्त्रीच्या संमतीला जागाच नव्हती. याच मुंबईत १८८०च्या दशकात रखमाबाईंचा खटला गाजला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले: नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. ‘मला हा जोडीदार मान्य आहे का?’ हा प्रश्न कादंबरीत येण्याआधी न्यायालयात विचारला गेला होता.

१०/
त्यानंतरच्या चाळीस वर्षांत पायाखालची जमीन सरकली. १९१६ मध्ये महर्षी कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ चा शारदा कायदा आला आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरले. शहरी मध्यम वर्गात ते प्रत्यक्षात त्याहूनही वर सरकत होते. महाविद्यालयाच्या आवारात लग्न न झालेल्या, वाचणाऱ्या आणि एकट्याने वावरणाऱ्या मुली दिसू लागल्या. प्रेमकथेला हवी होती ती नायिका आता काल्पनिक राज्यातून उतरून रस्त्यावर चालत होती.

११/
तिला पहिल्यांदा भरभरून कादंबरीत आणले ते ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी. ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादुगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) या त्यांच्या आरंभीच्या कादंबऱ्या. नीटस नायक, सुशिक्षित नायिका, रेखीव कथानक, गैरसमज आणि उलगडा. कादंबरी ही रंजनाची कला आहे, हे सांगताना फडक्यांना संकोच वाटला नाही. टीकाकार त्यांच्यावर सतत रुष्ट राहिले आणि वाचक सतत प्रसन्न.

१२/
दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर. शिरोड्याच्या शाळेत शिक्षक असलेल्या या लेखकाने १९३० मध्ये ‘हृदयाची हाक’ लिहिली. मग ‘कांचनमृग’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’. त्यांच्याकडे प्रेम एकटे येत नाही, ध्येयाला सोबत घेऊन येते. नायकापुढे प्रश्न असतो तो सुखाचा संसार की समाजाचे ऋण, असा. प्रेमकथा वाचून मनुष्य अधिक चांगला होऊ शकतो, हा विश्वास मराठी वाचकाला खांडेकरांनी दिला. ज्याला आज ‘प्रेरणादायी’ म्हणतात त्या प्रेमकादंबरीचे मराठी मूळ हेच.

१३/
या विश्वासाने भाषेची सीमाही ओलांडली. गोपाळराव विद्वांस यांच्या अनुवादांमुळे खांडेकर गुजराती घरांतही आपलेसे झाले. घाटकोपर-मुलुंडसारख्या उपनगरांत एकाच जिन्यावर मराठी आणि गुजराती बिऱ्हाडे नांदतात. तिथे दोन शेजारणींनी एकच लेखक आपापल्या भाषेत वाचलेला असणे सहज शक्य होते. पुढे ‘ययाति’साठी (१९५९) खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, मराठीला मिळालेला तो पहिलाच.

१४/
मग या प्रेमाची मर्यादा कुठे होती? ती १९३३ मध्ये स्पष्ट झाली. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, वय वाढलेल्या, लग्न न झालेल्या किंवा होऊ न शकणाऱ्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात होती. केवढे वादळ उठले! ही लेखिका कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. पुरुषाने रंगवलेली प्रेमाची आतुरता रंजन म्हणून चालत होती. तीच आतुरता स्त्रीने आपली म्हणून सांगितली, तेव्हा समाज दचकला. ‘सोज्वळ’ची रेघ मजकुराइतकीच लिहिणाऱ्या हाताकडे पाहून ओढली जात होती.

१५/
आता उपनगरांकडे वळू. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. गिरगावातल्या चाळीची खोली सोडून पार्ले, अंधेरी, मुलुंड इथे राहायला जाणे मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडू लागले. १९५० मध्ये आणि मग १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढत गेली. पश्चिमेला दहिसर आणि पूर्वेला मुलुंड हे बृहन्मुंबईचे टोक ठरले. पाठोपाठ सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती उभ्या राहिल्या.

१६/
चाळ आणि उपनगरातली इमारत यांत वाचनाच्या दृष्टीने मोठा फरक होता. चाळीत दार उघडे असते, सामाईक गॅलरी असते. बाई काय वाचते ते सगळ्यांना दिसते. दोन खोल्यांच्या बंद दाराच्या घरात दुपारी दीड ते चार हा वेळ प्रथमच तिचा एकटीचा झाला. नवरा साडेआठच्या लोकलने गेलेला, मुले शाळेत, भांडी घासून झालेली. अशा दुपारीच मराठी प्रेमकादंबरीला तिची खरी वाचक स्त्री भेटली.

१७/
पुस्तक घरी आणायचे कुठून? विकत घेऊन वाचण्याची पद्धत नव्हती आणि ऐपतही नव्हती. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. उपनगरांत पार्ल्याला १९२३ मध्ये टिळकांच्या नावाने लोकमान्य सेवा संघ उभा राहिला, तिथे श्री. वा. फाटक ग्रंथसंग्रहालय, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचे न. चिं. केळकर ग्रंथालय. ज्या चळवळींनी लोकमान्यांच्या आणि केळकरांच्या नावाने ग्रंथालये काढली, त्यांच्या मनात राष्ट्रकार्य होते. फळीवरून रोज उतरत होती ती मात्र कादंबरी.

१८/
१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा संस्थांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार सरकारी अनुदान मिळू लागले. त्यांच्या जोडीला गल्लोगल्ली खासगी वाचनालये होती: थोडी अनामत, महिन्याची वर्गणी, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. पिशवीत मासिके भरून सायकलवरून घरोघरी बदलून देणारेही होते. दिवाळीत तर खास योजना असे. ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे दोन-तीन महिने सगळे दिवाळी अंक आळीपाळीने वाचा.

१९/
या व्यवस्थेचा कादंबरीवर थेट परिणाम झाला. हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीतला मोठा वाटा ग्रंथालये घेत. म्हणजे प्रकाशकाचे खरे गिऱ्हाईक वाचक नव्हे, ग्रंथालय होते. आणि ग्रंथालयातून पुस्तक निवडून आणणारा बहुधा घरातला पुरुष किंवा शाळेतून येणारा मुलगा. कार्ड कुटुंबातल्या एकाच्या नावावर आणि वाचणारे सगळे घर, ही रीत घरोघरी परिचित होती. जे पुस्तक मुलाच्या दप्तरातून येणार, सासूबाईंच्या हाताखालून जाणार आणि रात्री आजोबांच्या उशाशी दिसणार, ते तिघांनाही चालेल असे हवे. ‘सोज्वळ’ हा त्या पुस्तकाला घरात शिरण्यासाठी मिळालेला परवाना होता.

२०/
हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. लंडनमध्ये चार्ल्स मुडी यांनी १८४२ मध्ये फिरते ग्रंथालय सुरू केले; वर्षाला एक गिनी वर्गणी. मुडी ज्या कादंबरीच्या शेकडो प्रती घेत, ती तरली. घरातल्या तरुण मुलीपुढे ठेवता येणार नाही असे त्यांना वाटे, ते पुस्तक बुडाले. १८८५ मध्ये जॉर्ज मूर या कादंबरीकाराने वैतागून एक पुस्तिकाच काढली. इंग्लंडचे सारे वाङ्मय दाईच्या मांडीवर आणून बसवले आहे, असा तिचा रोख होता. पुढे १९०८ मध्ये स्थापन झालेल्या मिल्स अँड बून या प्रकाशनसंस्थेचीही भरभराट झाली ती दोन पेन्यांत पुस्तक वाचायला देणाऱ्या छोट्या वाचनालयांच्या बळावर.

२१/
आपल्याकडे ही जागा भरून काढली ती लेखिकांच्या एका पिढीने. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे. पेशाने डॉक्टर असलेल्या सुमती क्षेत्रमाडे, ज्यांची ‘महाश्वेता’ पुढे दूरदर्शनवर मालिका होऊन घरोघरी पोहोचली. रत्नागिरीच्या आमदार झालेल्या कुसुम अभ्यंकर. एक गायनात निपुण, एक वैद्यकात, एक राजकारणात! ‘बायकांच्या कादंबऱ्या’ लिहिणाऱ्या या बायकांची आयुष्ये चौकटीत मावणारी नव्हती. आणि वाङ्मयेतिहासाने त्यांना दिलेली जागा बहुधा ‘आणि इतर लोकप्रिय लेखिका’ एवढीच.

२२/
या कादंबऱ्यांत काय असे? बहुधा नोकरी करणारी नायिका. वडिलांचे आजारपण, धाकट्या भावंडांची जबाबदारी, लांबलेले लग्न. कधी विधुर नायक आणि त्याचे आईविना पोर. परजातीतला मित्र आणि घरचा विरोध. शेवटी बव्हंशी सारे मार्गी लागते. स्पर्श क्वचित आणि तोही हातापुरता. टीकाकाराला यात ठोकळेबाजपणा दिसला आणि तो होताही. परंतु ठोकळा कोणत्या प्रश्नाभोवती घडला होता, तेही पाहायला हवे. मिळवत्या मुलीचे लग्न घरच्यांनाच परवडत नसेल तर? होकार देण्याचा अधिकार तिचा की घराचा? रखमाबाईंनी न्यायालयात विचारलेला प्रश्न आता डोंबिवली-बोरिवलीच्या दुपारी, सभ्य भाषेत, रोज विचारला जात होता.

२३/
मासिकांनी हाच प्रश्न दर महिन्याला घरी आणला. किर्लोस्करांचे ‘स्त्री’ १९३० पासून निघत होते. पु. वि. बेहेरे यांनी १९६० मध्ये ‘मेनका’ काढले आणि १९६२ मध्ये ‘माहेर’. या दोन नावांकडे नीट पाहा. एक तपोभंग करणारी अप्सरा, दुसरे लेकीबाळींचे हक्काचे घर. एकाच संपादकाच्या टेबलावर ही दोन नावे शेजारी नांदत होती. मराठी मध्यम वर्गाला प्रेमकथा हवी होती ती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

२४/
त्या ‘मध्ये कुठेतरी’ची सीमा एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. चंद्रकांत काकोडकर हे त्या काळचे अत्यंत लोकप्रिय प्रेमकथाकार. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही दीर्घ कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या स्त्रिया, हा विषय. भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. खालच्या न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून त्याला दोषी ठरवले.

२५/
काळ अनुकूल नव्हता. १९६४ मध्येच ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची, रणजित उदेशी यांची, शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती. तरीही २५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘श्यामा’च्या बाबतीत त्याच न्यायालयाने वेगळा निर्णय दिला. कथेच्या वाङ्मयीन गुणांबद्दल न्यायमूर्तींनी फारसे चांगले उद्गार काढले नाहीत. पण समाजाची मानके झपाट्याने बदलत आहेत, कथा समग्र वाचली पाहिजे आणि ती वाचून किशोरवयीन मन बिघडेल असे म्हणता येत नाही, असा निर्वाळा देऊन त्यांनी काकोडकरांना मुक्त केले.

२६/
आणि याच १९६९ साली राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला आणि तुफान चालला. एकत्र कुटुंब, सावत्र असूनही सख्ख्याहून सख्खे भाऊ, त्यागी थोरला भाऊ. सहकुटुंब पाहावा असा चित्रपट. त्याची कथा घेतली होती ती ‘नीलांबरी’ या मराठी कादंबरीवरून. तिचे लेखक? चंद्रकांत काकोडकर! एकाच वर्षी हा लेखक अश्लीलतेच्या खटल्यातून सुटला आणि घराघराला मानवणाऱ्या कौटुंबिक चित्रपटाचा कथाकारही ठरला. ‘सोज्वळ’ आणि ‘अश्लील’ या दोन कप्प्यांत लेखक वाटून टाकणे किती अवघड असते, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

२७/
आता या सगळ्या प्रसंगांकडे एकत्र पाहा. सासरच्या मंडळींनी वाचक स्त्रीची कल्पना केली आणि तिच्या हातातले पुस्तक काढून घेतले. सुधारकाने तिची कल्पना केली आणि तिच्या हातात पुस्तक दिले. ग्रंथालयाच्या समितीने तिची कल्पना करून यादी केली. समीक्षकाने तिची कल्पना करून नाक मुरडले. न्यायालयाने किशोरवयीन वाचकाची कल्पना करून निकाल दिला. दीडशे वर्षे सर्वांनी तिच्यासाठी निर्णय घेतले. ‘बाई, तुम्ही हे का वाचता?’ असे तिला विचारणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील.

२८/
अमेरिकेत हा प्रश्न जॅनिस रॅडवे या संशोधिकेने विचारला. मध्य-पश्चिमेतल्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या स्त्रियांना भेटून तिने १९८४ मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला मिळालेले उत्तर अनपेक्षित होते. त्या स्त्रियांनी कथानकाआधी वाचनाच्या कृतीचे महत्त्व सांगितले. दिवसभर सगळ्यांसाठी राबणाऱ्या बाईच्या हातात पुस्तक असले की घराला कळते, आता हिला हाक मारायची नाही. पुस्तक ही तिने आपल्याभोवती ओढून घेतलेली कडी होती.

२९/
मुंबईच्या उपनगरांत ही कडी दुपारच्या खोलीतून हळूहळू लोकलच्या डब्यात आली. कादंबऱ्यांतल्या नायिका नोकरी करत होत्या. त्या वाचणाऱ्यांच्या मुलीही करू लागल्या. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी खास महिलांची लोकल सुरू केली. बायकांच्या डब्यात तेव्हा भाज्या निवडल्या जात होत्या, हळदीकुंकू होत होते आणि कव्हर घातलेली पुस्तकेही वाचली जात होती. वर्तमानपत्राच्या कागदाचे ते कव्हर ग्रंथालयाच्या पुस्तकाला जपत होते, तसे त्याचे नावही झाकत होते.

३०/
यात एक कटू बाजूही आहे. ती टाळू नये. हे ‘सोज्वळ’ जग बहुतांशी उच्चवर्णीय, मध्यमवर्गीय होते. त्याच उपनगरांतल्या गिरणी-कारखान्यांतल्या, घरकाम करणाऱ्या, वस्तीतल्या स्त्रिया त्यात नायिका म्हणून फारशा आल्या नाहीत आणि वाचनालयाची अनामतही त्यांच्या आवाक्यात नव्हती. शिवाय शेवटच्या पानावरचा सुखान्त पुष्कळदा नायिकेने तडजोड केल्यावरच येई. परवाना मिळाला होता. पण परवान्यालाही अटी असतात.

३१/
पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. मालिकांनी दुपार आणि संध्याकाळ दोन्ही घेतल्या. स्नेहलता दसनूरकरांच्या कथेवरची ‘अवंतिका’ लोकांनी वाचण्याऐवजी पाहिली. गल्लीतली खासगी वाचनालये एकेक करून मिटली आणि त्यांच्या गाळ्यांत दुसरे व्यवसाय आले. प्रेमकथा मात्र कुठेही गेली नाही. ती आता फोनवर क्रमशः वाचली जाते, हेडफोन लावून ऐकली जाते. ‘करमणूक’मधून यमूची कथा आठवड्याला थोडी थोडी येत असे, प्रतिलिपीवरची नायिकाही भागाभागानेच येते. आणि पडद्याला तर कव्हर घालण्याचीही गरज उरलेली नाही.

३२/
मग इतिहासाच्या अभ्यासकाचे काय अडते? अडते ते पुराव्याचे. जागा अपुरी पडली की ग्रंथालये पुस्तके बाद करतात. बाद करताना पहिला क्रमांक लागतो तो जीर्ण झालेल्या लोकप्रिय कादंबऱ्यांचा, कारण सर्वांत जास्त हाताळल्या गेल्या त्याच! अभिजात ग्रंथ कोरा राहतो म्हणून टिकतो. प्रेमकादंबरी वाचली जाते म्हणून रद्दीत जाते. तिच्यासोबत ती चिठ्ठीही जाते. त्या बायकांनी आपल्या वाचनाविषयी लिहून ठेवले नाही. त्यांची साक्ष म्हणून उरले आहेत ते शिक्के, समासात कुणीतरी पेन्सिलीने मारलेली रेघ आणि दुमडलेला एखादा कोपरा.

३३/
तेव्हा मित्रहो, गड-किल्ल्यांच्या वाटेवर निघण्याआधी एक रविवार आपल्याच स्टेशनजवळच्या ग्रंथालयासाठी ठेवा. बाद पुस्तकांचा ढीग दिसला तर शेवटचे पान उघडा, तारखांचा फोटो काढा, कादंबरीचे आणि लेखिकेचे नाव टिपून ठेवा. दाखलनोंदीची जुनी वही पाहायला मिळाली तर कोणते पुस्तक कोणत्या साली आले ते उतरवून घ्या. आणि घरी आल्यावर आजीला, आईला किंवा मावशीला विचारा: तू दुपारी काय वाचायचीस? पुस्तक कोण आणून द्यायचे? लपवून वाचलेले एखादे होते का?

३४/
उत्तर देण्याआधी त्या बहुधा हसतील, ‘काहीतरीच आपलं’ म्हणतील. घाई करू नका. नायकाचे नाव त्या विसरल्या असतील; पण पुस्तक कुठे ठेवत असत, ती जागा त्यांना अजून आठवत असेल. ती टिपून घ्या. हा थ्रेड इथे संपतो. पुढचा मजकूर तुमच्या घरी आहे.